मॉरिस मायनरचे ड्रम ब्रेक घरी परत जोडताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जुनी गाडी घरी उभी करणाऱ्यांना ब्रेक उघडताना सहसा अडचण येत नाही. घोळ होतो तो परत जोडताना. ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं) शूवर (त्याला आतून दाबणाऱ्या कमानींवर) चढत नाही म्हणून हातोडी मारली जाते. पेडल मऊ लागतं म्हणून ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा चार-चार वेळा काढली जाते. शेवटी गाडी रस्त्यावर येते आणि ब्रेक मारताच एका बाजूला ओढते. या तिन्ही तक्रारींचं मूळ क्वचितच खराब पार्टमध्ये सापडतं. बहुतेक वेळा जोडणीचा क्रम चुकलेला असतो. ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) सैल न करता ड्रम चढवला, शू ड्रमला न टेकवता हवा काढली, मागचे शू सेट न करता हँडब्रेकची केबल ओढली, हे त्यातले नेहमीचे तीन प्रकार.

उदाहरणासाठी मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश गाडी घेतली आहे. चारही चाकांना ड्रम, पुढच्या प्रत्येक चाकाला शू ढकलणारे दोन सिलिंडर, मागच्या प्रत्येक चाकाला एक, आणि सगळ्यांना मिळून पेडलच्या जोरावर तेल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर अशी तिची रचना. जुनी फियाट किंवा अँबॅसिडर असेल तर क्रम आणि तपासण्या याच राहतील. ॲडजस्टर आणि हँडब्रेकची जोडणी मात्र आपापल्या मॅन्युअलप्रमाणे करा.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. या गाडीत तेलाचा मार्ग एकच आहे. एका चाकाचा सिलिंडर गळला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, हातात उरतो तो फक्त हँडब्रेक. त्यामुळे "तीन चाकं तर नीट झाली" याला काही अर्थ नाही.

## १. उघडण्याआधी

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. जॅकने उचला, पण काम करताना गाडी जॅकवर ठेवू नका. ॲक्सल स्टँडवर उतरवा आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, तेव्हा हे ठोकळेच गाडी धरून ठेवतात.

एका ॲक्सलची एकच बाजू उघडा. डावी पूर्ण जोडून झाल्याशिवाय उजवीला हात लावू नका. दुसरी बाजू जोडलेली असली की अडल्यावर बघायला नमुना समोर असतो, फक्त तो आरशातल्यासारखा उलटा असतो हे विसरू नका. गाडी आधीच पूर्ण सुटी होऊन पेट्यांमध्ये भरलेली असेल तर ही सोय नाही. मग प्रत्येक शू, सिलिंडर आणि स्प्रिंगला "पुढे-डावी", "मागे-उजवी" अशी चिठ्ठी बांधा आणि जोडणी मॅन्युअलच्या आकृतीवरूनच करा, अंदाजाने नको.

उघडताना फोटो काढा. सगळ्या ब्रेकचा एक फोटो पुरत नाही. स्प्रिंगचं प्रत्येक टोक कोणत्या भोकात आहे आणि स्प्रिंग शूच्या पुढून जाते की मागून, हे दिसेल इतक्या जवळून घ्या.

सावध: जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या, ड्रमला घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चला. ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा कोरड्या ब्रशने उडवू नका. साबणाच्या पाण्याने भिजवा, फडक्याने टिपा आणि फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. नाका-तोंडावर धुळीसाठीचा चांगला मास्क हवा. रुमाल पुरत नाही.

## २. पार्ट आधी तपासा, मगच जोडणीला बसा

या टप्प्यावर घाई केली तर पुढचं सगळं काम दोनदा करावं लागतं.

ड्रम. आतला व्यास एकमेकांशी काटकोनात अशा दोन दिशांनी मोजा. दोन मापांत फरक आला तर ड्रम लंबगोल झालाय, आणि असा ड्रम पायाखाली पेडल थरथरवतो. पृष्ठभागावर नखाला लागतील असे चर असतील तर लेथवर टर्निंग करावं लागेल. पण प्रत्येक टर्निंगला ड्रम पातळ होतो. सात-आठ इंची ड्रम मूळ मापापेक्षा व्यासात दीड मिलिमीटरच्या आसपास मोठा झाला असेल तर तो वापरू नये, असं माझं मत. पातळ ड्रम तापला की फाकतो, आणि उतारावर जिथे ब्रेकची खरी गरज असते तिथेच पेडल खाली जातं. ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरायचा असेल तर या बाबतीत तडजोड करू नका. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करून घ्या. डावा टर्न केला आणि उजवा तसाच ठेवला, तर गाडी एका बाजूला ओढण्याची शक्यता वाढते.

शू आणि लायनिंग. जुन्या शूवर नवं लायनिंग मारून घेणं आपल्याकडे अजून सोपं आहे. पुण्यात नाना पेठेत हे काम करणारे भेटतात. जाताना फक्त शू नेऊ नका, त्या-त्या चाकाचा ड्रमही न्या. टर्निंगनंतर ड्रमची गोलाई बदललेली असते आणि लायनिंग त्या गोलाईला घासून घ्यावं लागतं. काम घेताना दोन गोष्टी तिथेच उभं राहून बघा. पहिली, रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागापेक्षा पुरेशी खोल आहेत ना. दुसरी, लायनिंग शूला सगळीकडे चिकटून बसलंय ना. शू उजेडासमोर धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर परत द्या. मग पान्याने हलकेच टकटक करून आवाज ऐका. घट्ट बसलेलं लायनिंग खणखणीत वाजतं, सैल असेल तिथे बद्द आवाज येतो.

घरी आल्यावर लायनिंगला खडू फासा, शू ड्रममध्ये हाताने दाबून थोडा मागेपुढे सरकवा आणि खडू कुठे पुसला गेला ते बघा. मधल्या भागात पुसला गेला असेल तर ठीक, वापरात टोकंही लागतात. फक्त दोन्ही टोकांना पुसला गेला असेल तर शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी आहे. असा ब्रेक कचकन पकडतो आणि किंचाळतो. शू परत घासून घ्या.

व्हील सिलिंडर. आतली भिंत टॉर्चने बघा. हलका डाग बारीक पॉलिश पेपरने किंवा होनने (सिलिंडर आतून घासायच्या अवजाराने) जातो. खड्डा मात्र घासून काढायचा नसतो. खड्डा जाईपर्यंत घासलं तर सिलिंडरचं माप वाढतं आणि नवं किट टाकूनही तो गळतो. सिलिंडर बदला किंवा त्याला स्लीव्ह (आत बसणारी नवी नळी) टाकून घ्या. रबरी किट तर प्रत्येक सिलिंडरचं नवंच घ्या, जुनं कितीही चांगलं दिसलं तरी.

सावध: ब्रेकचे रबरी भाग पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने धुऊ नका, त्यांना इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीसही लावू नका. रबर फुगतं, पिस्टन अडकतो. धुवायला ताजं ब्रेक ऑइल वापरा, लावायलाही तेच.

## ३. बॅक प्लेट: रंगाने होणारा घोटाळा

रिस्टोरेशनमध्ये बॅक प्लेट (ड्रममागची न फिरणारी तबकडी, जिच्यावर शू आणि सिलिंडर बसतात) हमखास सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला जाते. येते तेव्हा सुंदर दिसते, पण तीन जागी तो जाड थर नडतो.

पहिली जागा, शूची कड ज्यावर घासत सरकते ते बॅक प्लेटवरचे उंचवटे. तिथला रंग पूर्ण खरवडून धातू उघडा करा. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिथे खाच पडली असेल तर ती भरून सपाट करा. शू त्या खाचेत अडकतो आणि ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही.

दुसरी जागा मागच्या बॅक प्लेटवरची, सिलिंडर बसतो ती लांबट खाच. मायनरचा मागचा सिलिंडर घट्ट बसवलेला नसतो, तो त्या खाचेत सरकतो. पिस्टन एका शूला ढकलतो आणि त्याच दाबाने सिलिंडरचं अंग उलट दिशेला सरकून दुसऱ्या शूला ढकलतं. खाचेत रंगाचा थर राहिला तर सिलिंडर अडकतो, एकच शू काम करतो आणि हँडब्रेक कितीही ओढला तरी धरत नाही. कानशीने कडा साफ करा. सिलिंडर बसवून बोटाने सरकवून बघा. जोर न लावता सरकला पाहिजे.

तिसरी जागा, सिलिंडर आणि शूचे टेकू जिथे बॅक प्लेटला टेकतात त्या सपाट जागा. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट काही दिवसांनी सैल पडतो, कारण खालचा रंग दबतो.

घासणाऱ्या उंचवट्यांवर उष्णता सहन करणारं ब्रेक ग्रीस लावा, पण अगदी पातळ, बोटाने पुसून राहील इतकंच. बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. तापून वितळतं आणि लायनिंगवर जातं.

तपासणी: हब (चाक आणि ड्रम ज्यावर बसतात तो मधला भाग) आणि ॲक्सलचं ऑइल सील आत्ताच बघा. मागच्या ॲक्सलमधून गिअर ऑइल झिरपत असेल तर नवं लायनिंग थोड्याच दिवसांत भिजेल. तेलाने भिजलेलं लायनिंग घासून, जाळून किंवा धुऊन पूर्ववत होत नाही. सील आणि हबचं गॅस्केट बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ४. सिलिंडर भरणं

हात साबणाने धुवा. टेबलावर स्वच्छ कागद पसरा. प्रत्येक भाग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून आत घाला: आधी स्प्रिंग, मग तिच्यावर बसणारा फिलर, मग बकेट म्हणजे रबरी कप, शेवटी पिस्टन आणि बाहेरून धुळीची रबरी टोपी. कपाचं पसरट तोंड नेहमी तेलाच्या बाजूला, म्हणजे आत. ते उलटं बसलं तर दाब आला की तेल कपाच्या कडेने बाहेर सटकतं. कप आत जाताना त्याची कड कुठे दुमडली तर नाही ना, हे बोटाने गोल फिरवून बघा. स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका.

भरून झाल्यावर पिस्टनवर रबर बँड किंवा तार बांधा, म्हणजे शू बसेपर्यंत स्प्रिंग त्याला बाहेर ढकलणार नाही.

पुढच्या चाकावर सिलिंडर कोणता कुठे हे फोटोवरून पक्कं करा. दोन सिलिंडर मागच्या बाजूने एका छोट्या पाइपने जोडलेले असतात, आणि हवा काढायचा निपल त्यातल्या एकावरच असतो. जागा बदलली तर हवा निपलपर्यंत पोचतच नाही, आणि मग दिवसभर पेडल मारत बसलं तरी ते मऊच राहतं.

## ५. पाइप आणि होज

घरी रिस्टोअर होणाऱ्या गाडीत धातूचे पाइप नवेच टाका. जुन्या पाइपचा गंज क्लिपखाली लपलेला असतो, वरून दिसत नाही. रबरी होज तिन्ही बदला: पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारा एक. जुना होज आतून फुगून बंद होतो, बाहेरून तडाही दिसत नाही. मग तेल जोराने आत जातं पण परत येत नाही, आणि चाक पकडून राहतं.

होज बसवताना आधी सिलिंडरकडचं टोक आवळा, तेही नव्या तांब्याच्या वॉशरसह. मग दुसरं टोक ब्रॅकेटमध्ये घाला आणि होज एका पान्याने स्थिर धरून नट आवळा. होजला पीळ पडता कामा नये. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि होज टायरला किंवा सस्पेन्शनला कुठे घासत नाही ना ते बघा. प्रत्येक पाइपचा नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवूनच पान्याला हात घाला. बोटाने फिरत नसेल तर तो वाकडा लागतोय.

## ६. पुढचे शू: दिशा पहिली

पुढच्या दोन्ही शूंना स्वतःचा सिलिंडर असतो. प्रत्येक शूचं एक टोक पिस्टनवर आणि दुसरं टोक समोरच्या सिलिंडरच्या बंद पाठीवर टेकतं. फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, आणि मायनरच्या पुढच्या ब्रेकची ताकद त्यातूनच येते. हे दोन्ही शूंना लागू पडतं ते गाडी पुढे जाताना आणि जोडणी बरोबर असेल तरच.

तपासणी: गाडी पुढे जाताना ड्रम ज्या दिशेने फिरेल त्या दिशेने बोट फिरवा. प्रत्येक शूवर बोट पिस्टनच्या टोकाकडून बंद टोकाकडे जायला हवं. उलट जात असेल तर डाव्या-उजव्या बाजूची अदलाबदल झाली आहे. सगळं नवं असून गाडी थांबत नाही, अशा तक्रारीत सर्वांत आधी हेच बघावं.

आता ॲडजस्टर. मायनरवर तो गोगलगायीच्या शंखासारखा वाढत जाणाऱ्या कडेचा छोटा कॅम असतो, पिस्टन आणि शूच्या टोकामध्ये बसतो. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन. तो गंजलेला असेल तर साफ करा, पातळ ब्रेक ग्रीस लावा आणि पूर्ण सैल स्थितीत आणून ठेवा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. जुन्या झिजलेल्या लायनिंगसाठी पुढे सरकवलेला ॲडजस्टर तसाच राहिला तर जाड नव्या लायनिंगवर ड्रम चढणारच नाही.

स्प्रिंगा टेबलावरच दोन्ही शूंमध्ये अडकवून घ्या. मायनरवर त्या शू आणि बॅक प्लेट यांच्या मधे राहतात, बाहेरून नाही. मग एक शू जागेवर बसवा, दुसरा हाताने फाकवून आधी एक टोक, मग दुसरं टोक खाचेत सरकवा. फडकं गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर तरफ म्हणून चालतो. पकडीने स्प्रिंग ओढली तर तिच्यावर ओरखडा पडतो आणि पुढे ती तिथेच तुटते. डोळ्यांना गॉगल हवा.

बसवून झाल्यावर दोन्ही शू तळव्याने वर-खाली, डावी-उजवीकडे ढकला. ते थोडे सरकून स्वतःच जागेवर येतात ना? प्रत्येक टोक पिस्टनच्या खाचेत मधोमध आहे ना? शूची कड सगळ्या उंचवट्यांना टेकते ना? तिरका बसलेला शू इथेच पकडता येतो. ड्रम लागल्यावर काही दिसत नाही.

लायनिंगला हात लागलाच असेल, म्हणून ब्रेक क्लीनरने पुसा आणि बारीक पॉलिश पेपरचा एक हात फिरवा.

## ७. मागचे शू

इथे सिलिंडर एक, ॲडजस्टरही प्रत्येक चाकाला एकच. काम पुढच्यापेक्षा कमी आहे, पण हँडब्रेकचा लिव्हर सिलिंडरमधूनच काम करत असल्याने दोन गोष्टी जपाव्या लागतात. जोडणी करताना हँडब्रेकची केबल पूर्ण सैल किंवा सुटीच ठेवा. लिव्हर किंचित जरी ओढलेला राहिला तर शू आधीच फाकलेले असतात, आणि पुढचं सगळं ॲडजस्टमेंट चुकीच्या जागेवरून सुरू होतं. दुसरं, लिव्हरभोवतीची रबरी टोपी नवी घाला. आपल्या पावसाळ्यात तिथूनच पाणी आणि चिखल आत शिरतो आणि सरकणारा सिलिंडर गंजून अडकतो.

## ८. ड्रम चढवणं

टर्निंग झालेला ड्रम गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवा. लेथवरची बारीक पावडर नुसत्या फडक्याने जात नाही. वाळवून ब्रेक क्लीनरने पुसा. हबची सपाट बाजू वायर ब्रशने साफ करा, कारण तिथे राहिलेला गंजाचा एक पापुद्रासुद्धा ड्रम वाकडा बसवतो.

ड्रम हाताने जायला हवा. जात नसेल तर हातोडी बाजूला ठेवून कारण शोधा: ॲडजस्टर सैल आहे का, हँडब्रेक ओढलेला आहे का, शू मधोमध आहेत का, पिस्टन पूर्ण आत आहे का. हे सगळं ठीक असेल तर लायनिंग जास्त जाड आहे. ते घासून आणा. ठोकून बसवलेला ड्रम शूवर अडकून राहतो.

ड्रमचे दोन स्क्रू लावा आणि हाताने फिरवून बघा. हलकी सरसर चालेल. फेरीत एकाच जागी अडत असेल तर ड्रम वाकडा बसलाय किंवा गोल नाही.

## ९. हवा काढण्याआधी शू टेकवा

बहुतेक जण इथे थेट तेल भरायला घेतात. तसं करू नका. शू ड्रमपासून लांब असताना पेडल दाबलं की पिस्टनला बराच पल्ला सरकावं लागतं. पेडल खाली जातं आणि तुम्हाला वाटतं आत हवा आहे.

ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टर घड्याळाच्या दिशेने फिरवा, ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत. पुढे दोन्ही ॲडजस्टर वेगवेगळे, मागे एकच. आत्ता तसंच घट्ट राहू द्या. सैल करायची वेळ हवा निघाल्यावर.

## १०. तेल भरा, हवा काढा

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, गाडीच्या फ्लोअरखाली असतो. झाकणाभोवतीची माती ओल्या फडक्याने काढा आणि मगच ते उघडा. वर्षानुवर्षांची धूळ सरळ तेलात पडायला टपलेली असते. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्या मधे थोडी मोकळीक हवी. पेडल बोटाने दाबताना पहिला किंचित भाग रिकामा जाणवला पाहिजे. ही मोकळीक नसेल तर आतलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तापलेलं तेल परत टाकीत येत नाही आणि थोडं अंतर गेल्यावर ब्रेक आपोआप पकडू लागतात.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं, सीलबंद डब्यातलं. उघडून ठेवलेलं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर त्याची ठरलेली किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

सावध: हे तेल रंग उचलतं. नव्या रंगाच्या गाडीवर जुन्या चादरी टाका, शेजारी पाण्याची बादली ठेवा. थेंब पडला तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, बुडबुडे बघायचे, निपल बंद करायचा आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उठला तर बाहेर आलेली हवा परत आत जाते. दोघांमध्ये "दाबलंय", "बंद केलं" एवढं मोठ्याने बोलत राहा. टाकीतलं तेल दर थोड्या वेळाने बघा; टाकी रिकामी झाली तर पुन्हा पहिल्या चाकापासून. निघालेलं तेल परत टाकीत ओतू नका.

तपासणी: पेडल जोराने दाबून एक मिनिट धरा. ते सावकाश खाली बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत तेल सोडतोय. आता सीट आणि पेडल यांच्या मधे लाकडी दांडका अडकवून पेडल दाबलेलं ठेवा, चारही चाकांमागे कोरडा कागद अंथरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कागदावर एक डाग दिसला तरी तो सांधा उघडायचा.

## ११. शेवटचं ॲडजस्टमेंट, मग हँडब्रेक

पेडल तीन-चार वेळा जोराने दाबा म्हणजे शू ड्रमच्या मधोमध येतील. आता प्रत्येक ॲडजस्टर पुन्हा घट्ट करा आणि एक खटका मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे. हलकी घासण्याची सरसर चालेल, ओढ नको. ओढ असेल तर आणखी एक खटका. पेडल परत दाबा, परत फिरवून बघा. डाव्या-उजव्या चाकाची ओढ सारखी वाटली पाहिजे.

हे पूर्ण झाल्यावरच हँडब्रेक. लिव्हर तीन-चार खटके ओढा आणि लिव्हरपाशी असलेल्या दोन्ही केबलींचे नट असे आवळा की मागची दोन्ही चाकं हाताने जोर लावल्यावर जेमतेम हलतील, दोन्ही सारखीच. लिव्हर सोडला की चाकं पूर्ण मोकळी व्हायला हवीत. सैल शूंची भरपाई केबल आवळून करायला गेलात तर थोड्याच दिवसांत हँडब्रेकही जाईल आणि मागचे ब्रेकही ओढत राहतील.

## १२. पहिली फेरी

चाकं लावा, नट आडवे-तिरपे आवळा. इंजिन सुरू करण्याआधी पेडल दाबून बघा. पहिली चाचणी सोसायटीच्या आवारात किंवा मोकळ्या मैदानात, माणूस चालतो त्या वेगाने, आणि हँडब्रेकने गाडी थांबते याची खात्री करून. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर, मग ४०. प्रत्येक ब्रेकनंतर थोडं अंतर तसंच चाला म्हणजे ड्रम थंड होतील. नवं लायनिंग बसेपर्यंत जोरात ब्रेक मारू नका. पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो आणि पकड जाते.

परत आल्यावर हात प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा गरम असेल तर तिथला शू ओढतोय. खटका जास्त घट्ट आहे, होज बंद होतोय किंवा स्प्रिंग कमजोर आहे. याच क्रमाने बघा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर जिकडे ओढते ते चाक बरोबर आणि विरुद्ध बाजूचं चूक, असं समजून विरुद्ध बाजूच्या चाकापासून तपासायला सुरुवात करा. तिथे लायनिंगवर तेल किंवा ग्रीस, अडकलेला पिस्टन किंवा उलटा शू सापडण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजू ठीक असतील तर ड्रमची मापं पुन्हा काढा. पेडल पहिल्यांदा खाली जातं पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, तर शू लांब आहेत; पुन्हा हवा काढायची गरज नाही, ॲडजस्ट करा. दोन्ही वेळा सारखंच मऊ लागत असेल तरच हवा आहे.

साधारण ३०० किलोमीटरनंतर चाकं काढून ॲडजस्टमेंट पुन्हा करा. नवं लायनिंग ड्रमच्या गोलाईला बसताना थोडं झिजतं, आणि पेडल थोडं खाली गेलेलं असणारच. त्याच वेळी प्रत्येक नट, निपल आणि होजचा सांधा कोरड्या टिश्यूने पुसून बघा, हँडब्रेकचे खटके मोजा. आणि गाडी किती कमी चालते हे न बघता ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. आपल्या दमट हवेत उभ्या गाडीतलं तेलही पाणी शोषतच राहतं.